लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याचं प्रशिक्षण परदेशात जाऊन घ्यावं का?

मोगरी_पुणे

नमस्कार मंडळी,

मी मूळची मडगावची, लग्नानंतर पुण्यात, कोथरूडला. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य व्हायोलिन शिकले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा दिल्या आणि आता घरीच क्लास घेते. माझ्याकडची मुलं आठ ते पंधरा वर्षांची. त्यांना शिकवताना फारसं अडत नाही. नोटेशन वाचायला शिकवायचं, स्केल्स घोटून घ्यायच्या, मग परीक्षेचे तुकडे. मी स्वतः अशीच शिकले.

हल्ली मात्र साडेतीन-चार वर्षांच्या मुलांचे आईबाबा फोन करतात. बहुतेकांना मी दोन-तीन वर्षांनी या म्हणून सांगते. एका मुलीला नाही म्हणवेना. पावणेचार वर्षांची आहे, मामाने तिला परदेशातून १/१६ मापाचं, म्हणजे अगदी छोट्या मुलांचं व्हायोलिन आणून दिलंय. कान विलक्षण आहे तिचा. 'ए'ची तार जराशी उतरलेली असली, की मी छेडल्याबरोबर मान वर करून माझ्याकडे बघते. पण हनुवटीखाली व्हायोलिन धरून दोन-तीनदा बो (गज) ओढला की संपलं. बो बाजूला ठेवते आणि सतरंजीवर आडवी होते. रडत नाही, रुसत नाही, छताकडे बघत पडून राहते. बरोबर आलेली आजी म्हणते, "ऊठ गं राणी, टीचर रागावतील." मला राग मुळीच येत नाही. या पोरीला पुढे काय द्यायचं तेच माझ्यापाशी नाही, याची टोचणी लागते.

म्हणून रीतसर प्रशिक्षण घ्यावं असं मनात आहे. थोडे पैसे साठवलेत, उन्हाळ्यात क्लासला सुट्टी देता येईल, नवरा आणि सासूबाई दोघंही जा म्हणतात. ऐकून आहे ते असं: जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीचे अमेरिकेत उन्हाळी कोर्स असतात, मूळ संस्था जपानात मात्सुमोतोला आहे, आणि फिनलंडमध्ये कलरस्ट्रिंग्ज नावाची वेगळी पद्धत आहे. यातून जे गेलेत त्यांनी कृपया सांगा, पुस्तकं वाचून आणि व्हिडिओ बघून येत नाही असं तिथे काय शिकवतात? कुठे जावं? आणि परत आल्यावर आपल्याकडच्या घरांत ते चालतं का? इथे मुलाला क्लासला आजी आणते, आई सातला घरी येते, बाबा नऊला.

मंदार_के

ताई, तुमची तळमळ कळते, पण एकदा खर्चाचा हिशेब मांडा. विमानाचं तिकीट, व्हिसा, कोर्सची फी, तिथलं राहणं-जेवण. चार वर्षांच्या मुलांच्या फीमधून हे कधी भरून निघणार? माझ्या मुलाचे गिटारचे सर सगळं ऑनलाइन शिकले आणि त्यांचा क्लास उत्तम चाललाय. यूट्यूबवर सुझुकीच्या पुस्तकांतला प्रत्येक तुकडा कुणी ना कुणी वाजवून दाखवलाय. आधी ते बघून घ्या, मग ठरवा.

शततारका

मोगरी, मी मिरजेची. काकांकडे मांडी घालून, हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले, पाश्चात्त्य त्यानंतर. गेली बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये राहते आणि तुम्ही म्हणता त्याच वयाची मुलं शिकवते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मंदार, खर्चाचा मुद्दा खरा आहे, त्यावर खाली येते. पण यूट्यूबवर तुकडा वाजवून दाखवलेला असतो. चार वर्षांचं मूल तो तुकडा वाजवायला लागण्याआधीचे जे महिने असतात, ते तिथे फार थोडे दिसतात, आणि मोगरीचं अडलंय ते नेमकं तिथेच.

शिक्षकांनी यासाठी देश ओलांडणं जुनंच आहे. सुझुकींची शाळा मात्सुमोतोत १९४६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या शिक्षकांना तिचा सुगावा लागला १९५८ मध्ये. ओहायोतल्या ओबर्लिनला एक फिल्म दाखवली गेली, त्यात शेकडो जपानी मुलं एकत्र उभी राहून बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो वाजवत होती. पुढच्याच वर्षी जॉन केंडल नावाचे शिक्षक हे कसं होतं ते बघायला जपानला गेले. १९६४ मध्ये सुझुकी स्वतः दहा मुलांना घेऊन अमेरिकेत आले, आणि मग तर इथून मात्सुमोतोला जाणाऱ्यांची रीघच लागली. टेनेसीचे विल्यम स्टार बायकामुलांसह तिथे जाऊन वर्षभराहून जास्त राहिले. ही सगळी मुरलेली वाजवणारी आणि शिकवणारी माणसं होती. सुझुकींची पुस्तकं मागवून घेणं त्यांना सहज जमलं असतं. पण पुस्तकात तुकडे आहेत, मूल कसं हाताळायचं ते फारसं नाही.

मी पहिल्या पुस्तकाचं प्रशिक्षण स्टीव्हन्स पॉइंटला घेतलं, कोविडच्या आधी. विस्कॉन्सिनच्या मध्यावरचं विद्यापीठाचं छोटं गाव आहे. मार्जरी एबर या बाईंनी १९७१ मध्ये तिथे सुझुकी इन्स्टिट्यूट सुरू केलं. उन्हाळ्यात मुलं, आईवडील आणि शिक्षक एकाच आवारात जमतात. मुलांचे धडे चालू असतात आणि शिकायला आलेले शिक्षक मागे खुर्च्या टाकून, वही घेऊन बसतात. वहीत आपली मतं लिहायची नाहीत, डोळ्यांना काय दिसलं तेवढंच लिहायचं.

तिथला एक धडा सांगते. पाचेक वर्षांचा मुलगा ट्विंकलचं, म्हणजे सुझुकींच्या पहिल्या पुस्तकातल्या 'ट्विंकल ट्विंकल'चं, पहिलं व्हेरिएशन (तीच चाल वेगळ्या लयीत) वाजवत होता. व्हायोलिन घसरत होतं, डावं मनगट आत पडलं होतं, बो तिरका जात होता. आमची पेनं भराभर चालली होती. शिकवणाऱ्या बाईंनी यातल्या कशालाच हात लावला नाही. त्या त्याच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होत्या. दर तिसऱ्या-चौथ्या बोला तो अंगठा ताठ व्हायचा आणि त्याबरोबर खांद्यापर्यंतचा सगळा हात आवळला जायचा. बाईंनी बोचं टोक आपल्या दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "आता बो मी ओढते, तू फक्त अंगठा वाकलेला ठेव." तो अंगठ्यावर नजर लावून उभा, बो त्या ओढताहेत. मग त्यांनी त्याच्या आईला पुढे बोलावलं, टोक तिच्या हातात दिलं आणि तिचा हात सरळ रेषेत जायला लागेपर्यंत तिच्याकडून करून घेतलं. त्या आठवड्याचा अभ्यास एवढाच. मुलाने वाकून नमस्कार केला आणि निघाला. एका धड्यात एकच गोष्ट, हे सूत्र कुठेही वाचायला मिळेल. पण बाकीच्या तीन गोष्टी समोर धडधडीत दिसत असताना त्या सोडून द्यायच्या कशा, नेमकी कोणती एक धरायची आणि का, हे शेजारी बसून बघितल्याशिवाय हाती लागत नाही.

एका दुपारी आमच्या प्रशिक्षिकेने सगळ्यांना व्हायोलिन उजव्या खांद्यावर आणि बो डाव्या हातात घ्यायला लावला. आमच्यात ऑर्केस्ट्रात वाजवणारी माणसं होती. एकालाही रिकाम्या 'ई' तारेवर बो सरळ ओढता येईना. खांदे वर गेले, जिभा दातांत आल्या, माना आखडल्या, आणि थोड्याच वेळात सगळ्यांना खाली बसावंसं वाटायला लागलं. मोगरी, तुमची पोरगी सतरंजीवर का आडवी होते त्याचं उत्तर यात आहे. माझ्या अंदाजाने तिला कंटाळा आलेला नाही, ती दमते. एवढ्या लहान अंगाला मान, डावा हात, उजवा हात आणि पाय हे सगळं एकाच वेळी सांभाळायला सांगणं फार होतं.

म्हणून सुरुवातीला ते सगळं सुटं करतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला पट्टी चिकटवून केलेलं व्हायोलिन, पडलं तरी कुणाच्या जिवाला घोर नाही. कागदावर पावलांच्या आकृत्या काढून त्यावर उभं राहायचं. बोची पकड आधी पेन्सिलवर, मग बोवर. तीही अंगठा फ्रॉगच्या (बोच्या धरायच्या टोकाकडचा ठोकळा) बाहेरून ठेवून, म्हणजे इवल्या बोटांवर ताण येत नाही. लय तोंडाने म्हणून टाळ्यांवर. पहिल्या व्हेरिएशनच्या लयीला इथली मुलं "मिसिसिपी स्टॉप स्टॉप" म्हणतात, माझ्याकडची दोन मराठी पोरं "पाणीपुरी दे दे" म्हणतात आणि लय अगदी चोख बसते. अशा पाच-सहा छोट्या गोष्टी वीस मिनिटांत होतात, आणि कुठलीही गोष्ट मूल थकायच्या आत थांबवतात.

दुसरा मोठा भाग कानाचा. पहिल्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग घरात रोज लावायचं. समोर बसवून नव्हे, खेळताना, जेवताना. आपल्याकडे तीन वर्षांचं पोर गणपतीची आख्खी आरती म्हणतं, अर्थ कळत नसतो, वाचता तर येतच नसतं. सुझुकींचा सगळा विचार याच पायावर उभा आहे: मूल मातृभाषा ऐकून शिकतं, तसंच संगीतही शिकू शकतं. आपल्या घरांना हे परकं वाटायचं कारण नाही.

तिसरा भाग पालकांचा, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. तुम्ही मुलाला आठवड्यातून एकदा भेटता. उरलेले सहा दिवस घरातलं मोठं माणूस शिकवतं. त्या माणसाला काय सांगायचं, किती सांगायचं, मूल ऐकत नसताना त्याने काय करायचं, हे आपल्याला कुठल्याच संगीत परीक्षेत कुणी शिकवलेलं नाही.

आता कुठे जावं. मात्सुमोतोची ओढ मी समजू शकते. सुझुकी १९९८ मध्ये गेले, पण संस्था तिथेच आहे, त्यांच्या घराचं स्मारक झालंय. तरी पहिला मुक्काम तिथे करू नका. तिथली मजा मोठ्या मुक्कामात आहे, आणि त्यासाठी भाषा हवी. अमेरिकेत आधी आपल्या वाजवण्याचा व्हिडिओ द्यावा लागतो, मग 'एव्हरी चाइल्ड कॅन' नावाचा ओळखीचा छोटा कोर्स, मग पहिलं पुस्तक. छोटा कोर्स ऑनलाइनही होतो. मंदार, खर्चाच्या चिंतेवर माझं पहिलं उत्तर हे आहे: तो घरी बसून करा, त्यानंतरही ओढ टिकली तर तिकीट काढा. युरोपात टप्प्याटप्प्याने, परीक्षा देत जायचं असतं, वेळ जास्त लागतो. आणि आशियाची स्वतंत्र संघटना आहे. सिंगापूर, फिलिपीन्स, तैवान इथे काम चालतं. पुण्याहून ते जवळ आणि स्वस्त पडेल, तिथल्या तारखा आधी बघा.

कुठेही गेलात तरी पहिल्या पुस्तकापुरतंच जा. एकूण दहा पुस्तकं आहेत आणि पुढचं प्रशिक्षण लगेच करून टाकायचा मोह होतो. परत येऊन वर्षभर फक्त छोटी मुलं शिकवा. दुसऱ्या पुस्तकाचे प्रश्न तुमचे स्वतःचे असले पाहिजेत.

उत्तरवारा

मी वादक नाही, बाप आहे. हेलसिंकीत राहतो, मुलगी कलरस्ट्रिंग्जने शिकते. मोगरीताईंनी त्याचं नाव घेतलंय म्हणून जे रोज घरात बघतो ते लिहितो.

ही पद्धत गेझा सिल्वाय यांची. ते आणि त्यांचे बंधू चाबा हे हंगेरीतले, हेलसिंकीत येऊन स्थायिक झाले. गेझा व्हायोलिनचे, चाबा चेलोचे. पाया हंगेरियन संगीतकार कोदाय यांच्या विचारांचा, म्हणजे आधी गाणं. चार तारांना चार रंग आणि चार पात्रं आहेत. 'जी' हिरवी, अस्वल. 'डी' लाल, बाबा. 'ए' निळी, आई. 'ई' पिवळी, पक्षी. माझी मुलगी वाचायला शिकली नव्हती तेव्हाही पुस्तक उघडून "आता बाबा दोनदा, मग आई" असं म्हणत वाजवायची. म्हणजे नोटेशनची ओळख पहिल्या दिवसापासून होते, फक्त ती रंगांतून. हळूहळू रंग जातात आणि नेहमीचं काळं नोटेशन उरतं.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. सुरुवातीला डाव्या हाताने तार छेडणं आणि तारेच्या मध्यावर बोट नुसतं टेकवून निघणारे हार्मोनिक्स, यावर खूप भर असतो. त्यामुळे हात पहिल्याच जागी चिकटून बसत नाही, सगळ्या पट्टीवर मोकळा फिरतो.

एक लक्षात घ्या, इथली मुलं व्हायोलिन हातात घेण्याआधी 'मुस्कारी'ला जाऊन आलेली असतात. तान्ह्या बाळांपासूनचे गाण्या-खेळण्याचे वर्ग आहेत ते, आईबाप मांडीवर घेऊन बसतात. व्हायोलिनच्या शिक्षकाला गाणारं मूल तयार मिळतं. पुण्यात ती पायरी तुम्हालाच बांधावी लागेल. ताई, तुम्हाला सोल्फा (डो-रे-मी म्हणत गाणं) येत असेल तर ही पद्धत पटकन अंगवळणी पडेल असं मला वाटतं.

दादरचा_गज

वय झालं, टाइप करायला वेळ लागतो, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. मी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवतो. आमच्याकडे बैठक वेगळी, खाली बसून वाद्याचं टोक पायावर टेकवायचं, त्यामुळे मानेखाली वाद्य सांभाळण्याचा मुलांचा त्रास वाचतो. तरीही सात-आठ वर्षांच्या आतलं मूल मी शक्यतो व्हायोलिनला बसवत नाही, आधी गळ्यातून काढून घेतो. गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, व्हायोलिनवादक डी. के. दातार तर वाद्यावर गायचेच. ही वाट गळ्यातून हाताकडे जाते. वर शततारका आणि उत्तरवारा यांनी जे लिहिलंय त्यातही ऐकणं आणि गाणं आधी आहे, हे वाचून बरं वाटलं.

मोगरीताई, तुम्ही अवश्य जा. एक विनंती. परत आल्यावर त्या पुस्तकातली जर्मन-इंग्रजी लोकगीतंच तेवढी वाजवून घेऊ नका. मुलांना येणारी आपली पावसाची, चांदोबाची गाणी त्यात आणा. मूल जे गाणं गातं ते वाद्यावर सापडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

शततारका

काका, मनापासून पटलं. मीही मराठी मुलांना आपली गाणी देते. फक्त पुस्तकातला क्रम मोडत नाही, ती गाणी जोडीला देते. कारण तो क्रम हाताचा विचार करून लावलेला आहे. ट्विंकल 'ए' आणि 'ई' या दोन तारांवर, पहिल्या तीन बोटांत बसतं आणि दोन्ही तारांवर बोटांची ठेवण सारखीच राहते. म्हणून मूल एकच आकार शिकतं आणि त्यावर पुढची कितीतरी गाणी वाजवतं. आपलं एखादं गाणं चालीला सोपं वाटतं, पण मध्येच दुसरं बोट मागे घ्यावं लागतं आणि मूल गोंधळतं. ते गाणं दुसऱ्या पट्टीत नेऊन बघायचं, नाहीच बसलं तर तूर्त गळ्यावर ठेवायचं.

उत्तरवारा, छान लिहिलंत. दोन पद्धतींतला खरा फरक तुम्ही सांगितला तोच. सुझुकीत नोटेशन मागाहून येतं, उभं राहणं आणि आवाज बसल्यावर. मोगरी, तुमचे पालक ट्रिनिटीची पहिली ग्रेड कधी हे विचारणारच. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की या वयात नोटेशन वाचणं मागाहून येईल आणि का ते. जी मुलं सहा-सातची झालीत त्यांना वाचनाचा वेगळा तास ठेवा. कान तयार आहे पण समोरचा कागद वाचता येत नाही अशी मुलं मी पाहिली आहेत, पुढे ऑर्केस्ट्रात त्यांचे हाल होतात. ही जबाबदारी शिक्षकाचीच.

मोगरी_पुणे

सगळ्यांचे खूप आभार. मंदार, तुमचेही, कारण त्यामुळे आधी ऑनलाइन छोटा कोर्स करायचा हे पक्कं झालं. नंतर पहिल्या पुस्तकासाठी सिंगापूर किंवा फिलिपीन्स, जिथे तारखा जुळतील तिथे. रंगांची कल्पना मला फार भावली, पण एका वेळी एकच पद्धत नीट शिकते.

शततारकाताई, दोन गोष्टी राहिल्या. माझ्या विद्यार्थिनीबरोबर आजीच येणार, आईला जमणारच नाही. आजींना संगीत येत नाही, भजनी मंडळात टाळ वाजवतात तेवढंच. चालेल? आणि लहान मापाची व्हायोलिनं. तिकडे भाड्याने मिळतात असं ऐकलंय, इथे प्रत्येक मापाला नवीन विकत घ्यायचं म्हणजे पालक वर्षभरात कंटाळतील.

शततारका

आजी चालेल काय, धावेल. रोज ठरलेल्या वेळी मुलाजवळ बसणारं एकच माणूस हवं, मग ते कुणीही असो. टाळ वाजवणाऱ्या बाईंना लय येत नाही असं कसं म्हणता?

प्रशिक्षणापर्यंत थांबू नका, पुढच्या तासापासून हे करून बघा. तुमच्याकडचं एक फुल साइज व्हायोलिन आजींच्या हातात द्या. पहिले काही आठवडे धडा आजींचा: उभं कसं राहायचं, पेन्सिलवर पकड, मग रिकाम्या 'ई' तारेवर "पाणीपुरी दे दे". मुलीला बाजूला खेळू दे, तिला काही सांगू नका. ती मध्ये येऊन "मला" म्हणेल तेव्हा तिचं छोटं व्हायोलिन तिच्या हातात द्या, दोनदा बो ओढू द्या, आणि ती आडवी व्हायच्या आत तुम्हीच काढून घ्या. सुझुकींकडेही आईच आधी वाजवायची आणि मूल बघून मागायला लागायचं. आजींना उभं राहवत नसेल तर खुर्चीवर बसून चालेल, मुलीच्या पायांकडे मात्र लक्ष ठेवायला सांगा. घरी रेकॉर्डिंग लावायचं कामही आजींकडेच द्या, म्हणजे आईच्या सातच्या वेळेवर काही अडत नाही.

मापांसाठी क्लासचाच वाद्यांचा साठा करा. १/१६, १/१०, १/८, १/४ अशी एकेक-दोन-दोन घेऊन ठेवायची, पालकांकडून अनामत घ्यायची, मूल वाढलं की वाद्य परत आणि पुढचं माप. माप बघताना व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात लांब करायला सांगा. कोपर किंचित वाकलेलं राहून पुढचं वळलेलं टोक तळहातात मावलं पाहिजे. हात ताणावा लागला तर वाद्य मोठं आहे. दोन मापांच्या मध्ये असेल तर लहान द्या. पालक मोठं मागतील, पुढे चालेल म्हणून, ऐकू नका. पुण्याच्या पावसाळी हवेत लहान वाद्यांच्या खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन तार उतरते, तेव्हा खालच्या बाजूला चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) लावलेलीच घ्या.

आणि व्हिडिओ मागितलाच तर ट्रिनिटीच्या वरच्या ग्रेडचा तुमचा हात आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पाठवण्याआधी हवं तर मला मेसेजमधून पाठवा, बघून सांगते.